सातवा ठोका

आमच्या धक्क्यावर तोकुझो हामागुची आपल्या बोटीवर दुसऱ्या कुणाला पाय ठेवू देत नसे. ही खोड बापाची. म्हाताऱ्या मात्सुकिचीचं जुनं इंजिन सुरू करायचं तर आधी त्याच्या लोखंडी डोक्यावर ब्लोलॅम्पची ज्योत धरून ते लालभडक करावं लागे, आणि हात थरथरू लागेपर्यंत म्हाताऱ्याने ते काम पोरांना करू दिलं नाही. मग इंजिन पोन, पोन, पोन करत निघायचं आणि दर सहा ठोक्यांनंतर सातवा गिळायचं. तेवढ्यावरून बायका घरात बसून ओळखायच्या की मात्सुकिची आला, आता चहा ठेवायला हवा.

धाकटा कुनिहिको टोकियोला असतो. टीव्हीवरच्या कार्टून मालिकांना आवाज लावणं हा त्याचा धंदा. पत्र्यावर तांदूळ ओतून पावसाचा आवाज काढायचा आणि त्यावर माणूस पोट भरतो, हे गावाला पटायला वेळ लागला. एका उन्हाळ्यात त्याने बापाच्या इंजिनाचा आवाज टेपवर घेतला. आठवण म्हणून, असं म्हणाला. वर्षभराने तोच आवाज शनिवारच्या मालिकेत निघाला. त्यात अकाने नावाची एक वैमानिक पोरगी होती आणि तिचं स्वतःचं चिमुकलं यान होतं, त्सुबामे. त्यालाही ती दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसे. ते यान पोन, पोन करत शनीच्या कड्यांमधून जायचं आणि सातवा ठोका गिळायचं.

मला विचारलं का, म्हणून तोकुझो आधी भडकला. पण त्याच हिवाळ्यात म्हातारा गेला. मग दर शनिवारी साडेसहाला हा पन्नाशीचा गडी सुक्या माकूल मासळीचा तुकडा चघळत टीव्हीपुढे बसू लागला.

"काय तोकुझो, आज चंद्रावर जाळं टाकणार की शनीवर?" जाळी विणणारे विचारायचे.

"तुमच्यापेक्षा जास्त मासे आहेत तिथे," तो म्हणायचा आणि वेळेवर घरी जायचा.

पुढे त्याने बोटीला डिझेल इंजिन बसवलं. जुनं शेडमध्ये चार बोल्टांवर उभं होतं. बायको फुमिए, जाळी ठेवायला जागा नाही म्हणून रोज कटकट करी. ते काढून टाकायला तोकुझोचं मन होईना. शेवटी त्याने भावाला फोन केला.

"खुशाल भंगारात दे, दादा," कुनिहिको म्हणाला. "टेप माझ्याकडे आहे. ती आहे तोवर बाबा कुठे जात नाहीत."

तोकुझोने दिलं. ट्रकवर चढवताना त्याने हातही लावला नाही. ज्याच्याकडे ठेवायचं त्याच्याकडे ते आहे, अशी त्याची खात्री होती.

एप्रिलमध्ये मालिकेचं नवं पर्व सुरू झालं. त्सुबामे आकाशात उठलं आणि नुसतं सूंऽऽ करत गेलं, हेअर ड्रायरसारखं. तोकुझोने तिथल्या तिथे फोन लावला. नवीन दिग्दर्शकाला नवीन आवाज हवा होता, असं कुनिहिकोने सांगितलं.

"आणि टेप?"

"टेप कुठे जातेय, दादा. कपाटात आहे."

ऑगस्टमध्ये, पितर घरी येतात त्या दिवसांत, कुनिहिको टेपरेकॉर्डर घेऊनच उतरला. बापाच्या फोटोपुढे उदबत्ती लावली, कलिंगड खाल्लं, आणि मग हळूच विषय काढला. पोरांनी मालिकेला पोतंभर पत्रं पाठवली होती. त्सुबामेला कुणी मारलं, असं विचारत होती. दिग्दर्शकाला आता जुनाच आवाज हवा होता.

"मग लाव की," तोकुझो म्हणाला.

कुनिहिकोने मान खाली घातली. "दादा, ते इंजिन खरंच दिलंस का रे?"

मग त्याने कबूल केलं की टेप स्टुडिओतच होती आणि स्टुडिओने जानेवारीतच ती पुसून तिच्यावर कसल्याशा सोया सॉसची जाहिरात भरली होती. जुन्या भागांतला आवाज संगीतात मिसळलेला, तो सुटा काढता येत नव्हता. म्हणजे एप्रिलमधलं ते कपाट साफ खोटं. तोकुझोने भावाला शेडमध्ये नेलं. फरशीवर तेलाचा डाग होता आणि बोल्टांची चार भोकं.

"ते तुझ्याकडे ठेवलं होतं मी," तो म्हणाला.

कुनिहिको रडला. रडणं खरं होतं, त्यात शंका नाही. पण डोळे पुसल्यावर त्याची नजर पुन्हा टेपरेकॉर्डरवर गेली. "तुला ठोका आठवत असेल ना, दादा? तोंडाने करून दाखव. बाकी मी जमवतो."

"आठवतो," तोकुझो म्हणाला. "पण आता तो माझ्याकडेच राहील."

तिसऱ्या संध्याकाळी पितरांना निरोप द्यायला दोघे भाऊ कागदी दिवा घेऊन बोटीने निघाले. कुनिहिको पुढे दिवा सांभाळत बसला. मागे सुकाणू धरून तोकुझो बापाला पोचवत होता, ओठांतल्या ओठांत, पोन, पोन, पोन, आणि सातवा गिळून. डिझेलच्या घरघरीत कुनिहिकोला त्यातलं काहीच ऐकू गेलं नाही.