घामाची भाकर

चेतनला किडनी द्यायची, तर त्याच्या आईनं, पुष्पलतानं, आधी वजन उतरवावं असं डॉक्टरांनी सांगितलं. मग काय, बाई रोज महाल मोहल्लाभर पायी फिरे. मनगटावरचं घड्याळ जेवढ्या कॅलरी जळाल्या म्हणे, तेवढ्या घरी येऊन खाऊन घेई. आपल्याच घामाचं खाल्लं, त्यात काय? वजनाचा काटा मात्र ढिम्म. डॉक्टर म्हणाले, "घड्याळ वाढवून सांगते. भूक लागली तर थोडं खा, सारं भरून काढू नका." तिनं दुसरी भाकर सोडली. चेतन बिछान्यातून चिडवे, "काहून वं आई, हिरोइन बनून राहिली का?"

वजन उतरलं, पण तोवर चेतन थांबला नाही.

तेरवीला जाऊ म्हणाली, "किती बारीक झाली वं!"

पुष्पलता हळूच बोलली, "उशिरा झाली, बाई."