शिडाला हिंदीत काय म्हणतात
डांबराचा वास आला की मला लखनौचं मानकनगर आठवतं. सत्तरच्या दशकातला उन्हाळा होता, कॉलनीत रस्त्याचं काम चाललं होतं आणि बोटीवर आयुष्य काढलेले, कोकणातून आलेले माझे आजोबा बोटीच्या तळाला फासतात त्याच डांबराच्या वासाने एकदम खुलले. शेजाऱ्यांना सांगू लागले, “लड़ाई में हमारा बोट बड़ा जहाज को सामान देता था. बाद में उसको शीड लगाया, पॅसेंजर बिठाया.” “सीढ़ी लगाई?” एकाने विचारलं आणि सगळे हसले. आजोबांनी मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. दोस्तांसमोर मीही हसलो. घरात आल्यावर त्यांनी विचारलं, “शिडाला हिंदीत काय म्हणतात रे?” “पाल,” मी म्हणालो. “म्हणजे तुला माहीत होतं,” एवढंच ते बोलले. बोटीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. तिच्याबद्दल मला आजही एवढंच माहीत आहे.