छातीवरचे थ्रो

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोजवळ नाही, दौंडच्या संघातल्या जिवलगांजवळ नाही — आणि मी तर असा माणूस, की सकाळी काय खाल्लं तेही माझ्या पोटात गुपित राहत नाही. माझ्या फजित्या ऐकायच्यात? बसा. पहिल्या मॅचला ग्लोव्ह उलट्या हातात घालून उभा राहिलो ती. बेस समजून खाली पडलेल्या अंपायरच्या टोपीवर पाय रोवला ती. सगळ्या मीच सांगत फिरलो. लोक म्हणतात, बबनराव स्वतःला हसतात, मन मोठं आहे. कसलं मोठं? स्वतःला हसणाऱ्याची कुणी झडती घेत नाही, हे मला लवकर कळलं — एवढंच.

मी बेसबॉल खेळायचो. जागा शॉर्टस्टॉपची. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभं राहायचं, सरपटत आलेला चेंडू उचलायचा आणि बॅटर पोचायच्या आत पहिल्या बेसवर फेकायचा. तिथं आपला माणूस बेसवर पाय ठेवून उभा असतो. त्यानं घेतला की बॅटर बाद. शॉर्टस्टॉपची सगळी अब्रू त्या माणसाच्या हातात — आणि त्याची शॉर्टस्टॉपच्या.

माझा तो माणूस म्हणजे दत्ता. निमोण्यात आमचे मळे बांधाला बांध लागून. बाजरी काढलेल्या रानात, ढेकळांवरून उसळणारे चेंडू अडवत आम्ही दोघं शिकलो. खरं सांगू? तो माझ्यापेक्षा चांगला होता. थोडाथोडका नाही, पुष्कळ. माझे वेडेवाकडे थ्रो तो इतक्या सहज घ्यायचा, की शिरूरच्या मैदानावर टाळ्या मला पडायच्या.

मग दौंडला एका खात्याच्या संघात भरती निघाली. खेळायचं, आणि त्याचीच नोकरी! दुपारपर्यंत एकच जागा उरली. आणि आम्ही दोघं उरलो.

त्या सकाळी एसटीतून उतरतानाच दत्ताच्या ग्लोव्हची वादी तुटली होती. बोटांच्या मधली जाळी लोंबायला लागली. मैदानाच्या कडेला बसून मीच ती सुतळीनं बांधून दिली. छातीवर आलेला चेंडू तळव्यात बसतो, त्याला जाळी लागत नाही. पायाशी टप्पा पडून उसळलेला मात्र जाळीतच अडकवावा लागतो.

“बबन्या, आज फकस्त छातीवर टाक,” दत्ता म्हणाला.

“छातीवरच येईल,” मी म्हणालो.

आणि टाकले की! सकाळभर छातीवरच टाकले. मग निवड करणारे साहेब खुर्ची सोडून पहिल्या बेसजवळ येऊन उभे राहिले. म्हणाले, आता तीन चेंडू बघतो आणि नाव सांगतो. साहेब जन्मभर क्रिकेट खेळलेले. बेसबॉल जाणणारा माणूस आधी थ्रो बघतो. क्रिकेटवाला बघतो, चेंडू कुणाच्या हातून सुटला. हे मला माहीत होतं. कसं नसणार? सकाळपासून मी साहेबांकडेच तर बघत होतो.

एक थ्रो खाली गेला असता, तर म्हणता आलं असतं — निसटला. हात घामेजला होता. ऊन डोळ्यांवर होतं. पण मी तिन्ही खाली टाकले. बरोबर त्याच्या बुटापुढं. दुसऱ्यालाच सुतळी सुटली. तिसऱ्याला दत्तानं ग्लोव्ह फेकून उघड्या हातांनी झेप घेतली. चेंडू मनगटावर आपटून लांब गेला. तो हात दाबत माझ्याकडे बघत राहिला. रागानं नव्हे. माझं काही दुखलंय का, असं.

साहेब पुटपुटले, “हात कच्चे आहेत.”

तिथं मी गप्प बसलो असतो तरी भागत होतं. पण आपण पडलो विनोदी! म्हणालो, “हात कुठले साहेब, चाळण हाय ती!” साहेब खदखदून हसले. माझा पहिला गाजलेला विनोद.

नाव माझं पुकारलं. पुढं पंधरा वर्षं खेळलो, दौंडलाच घर केलं. आणि तो विनोद गावात कुणी नेला? मीच नेला. दर जत्रेला, दर लग्नात. दत्ताचं नाव चाळण पडलं. तो शेवंती लावतो, फुलं उत्तम असतात. पण वाट विचारा, लोक सांगतात — चाळणीच्या मळ्यावरून जा.

मागच्या महिन्यात मी नोकरीतून निवृत्त झालो म्हणून गावानं सत्कार केला. लोकांनी तोच किस्सा मागितला. मी सांगितला — सवयीनं, हातवाऱ्यांसकट. तेवढ्यात पुढच्या रांगेतून दत्ता उठला. माझे हातवारे थांबले. वाटलं, आता बोलतो.

बोललाच तो. “बबनचा काय बी दोष न्हाई, मंडळी. थ्रो तिन्ही छातीवर आलते. मला अजून दिसत्यात. ह्येच हात फुटकं!” आणि बोटं फाकवून दोन्ही पंजे त्यानं सगळ्यांना दाखवले. डाव्या मनगटावरचं हाड अजून वर आलेलं आहे. मांडव हसला.

त्याला खरंच तसं आठवतं. इतकी वर्षं मी सांगत आलो, आणि त्यानं माझं ऐकलं.

मीही हसलो. सगळ्यांत मोठ्यानं.

थ्रो छातीवर आले नव्हते. तिन्ही पायाशी टाकले होते. नेम धरून.