चढावर थांबलेली गाडी

अर्धांगवायू झाल्यापासून हे फारसं बोलत नसत. यांना व्यायामासाठी दवाखान्यात न्यायचं, परत आणायचं, गाडी मीच चालवायची. त्या दुपारी चढावर इंजिन नुसतंच घोंघावत राहिलं, गाडी पुढे सरकेना. करपल्यासारखा वास आला. मी कडेला थांबले. इतकी दमले होते की रडूही येईना.

"हँडब्रेक ओढ," हे अडखळत म्हणाले. "चौथा गिअर टाक. आता क्लच सोड."

सोडला. इंजिन चालूच राहिलं.

"बंद पडायला हवं होतं. क्लच प्लेट झिजलीय. तुझं काही चुकलं नाही."

झिजणं सपाट रस्त्यावर कुठे कळतं? मेकॅनिकला फोन करायचा सोडून मी तशीच बसून राहिले. आजारपणात हे एवढं सलग पहिल्यांदाच बोलले होते, आणि तेही माझी बाजू घेऊन.