साडेपाच विती

उद्यमनगरातल्या त्या मिस्त्रीचं नाव मी कधी विचारलं नाही. सत्त्याण्णव साली जुनी गाडी घ्यायची म्हणून त्याच्याकडं गेलो होतो. दारात एक फियाट आणि एक अँबॅसिडर, दोन्ही विकायच्या. तो बॉनेटवर तळहात ठेवून, डोळे मिटून इंजिन ऐकायचा.

"फियाट अकराशे सीसीची, अंगानं हलकी. घाटात पळती. अँबॅसिडर पंधराशेची. पेट्रोल पिती, पण वझं वढती."

"मग कुठली घेऊ?"

"लेकरं हायत न्हवं, पावणं?"

"एक मुलगी आहे."

तो वाकून अँबॅसिडरची मागची सीट वितीनं मोजू लागला. गिऱ्हाइकं इंजिन बघतात, हा गादी मोजतोय म्हणून मला हसू आलं.

"हितं सहा विती. फियाटीत पाच," तो म्हणाला. "गगनबावड्यातनं लेकीला दवाखान्यात आणताना फियाट केलती, लवकर पोचंल म्हणून. साडेपाच विती होती पोर. पाय दुमडून निजवली. वाटंतच गेली. घरी आणल्यावर पाय सरळ हुईनात."

मग त्यानं फडक्यानं हात पुसले.

मी अँबॅसिडर घेतली. मुलगी मागं झोपली की गाडी थांबवून आधी तिचे पाय बघायचो.