कोणाचं काही राहिलं का?

शीमोन सरांना मी गप्प केलं होतं, आणि तेही प्रार्थना करायला लावून. त्यांच्याविषयी लिहायचं तर आधी हे लिहायला हवं. नाहीतर पुढचं सगळं, त्यांची माया, त्यांचं हसणं, निदान मला तरी खोटं वाटत राहील. सर जाऊन आता दीड महिना होऊन गेला. चिंचपाड्याहून बाईंचा, म्हणजे सरांच्या पत्नीचा, फोन आला तेव्हा मी नाशिकजवळच्या एका शाळेत कार्यशाळा घेत होतो. आपली शाळा कशासाठी आहे, पुढच्या पाच वर्षांत तिने कुठे पोहोचायचं, त्यासाठी काय करायचं आणि काय सोडून द्यायचं, हे ख्रिस्ती शाळांना ठरवायला मदत करणं हे माझं काम आहे. बाई एवढंच म्हणाल्या, "अनिल, सर गेले. त्रास नाही झाला." मी फोन खिशात ठेवला, आत आलो आणि उरलेलं सत्र पूर्ण केलं. समारोपाच्या वेळी मागे कोणीतरी बाक सरकवला. मी दचकून वळलो. एक शिक्षिका खाली पडलेलं पेन उचलत होती... पण तो आवाज मला नवा नव्हता. गेली काही वर्षं कुठल्याही शाळेत सभा संपायला आली की मला बाक सरकल्याचा आवाज येतो. कधी खरंच कोणी सरकवलेला असतो, कधी नसतोही.

आमची शाळा शहादा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. खाली कापूस, ऊस, केळी आणि वर डोंगर. डोंगरातली मुलं बोर्डिंगला राहायची. घरात पावरी नाहीतर भिली बोलणारी ही मुलं जूनमध्ये यायची तेव्हा मराठी पुस्तकाकडे पाहुण्याकडे बघावं तशी बघायची. सर मूळचे नवापूरकडचे, कोकणी आदिवासी समाजातले. त्यांनी मुलांकडून पावरी शिकायला घेतली होती आणि ती इतकी वाईट बोलायचे, की नव्या मुलांचं रडं त्या बोलण्यानेच थांबायचं. वडील गेल्यावर आईने मलाही तिथे आणून सोडलं. पहिल्याच महिन्यात माझा साबण चोरीला गेला. रात्रीच्या उपासनेत माझी पाळी आल्यावर मी मोठ्याने प्रार्थना केली, "हे प्रभू, ज्याने माझा साबण घेतला त्याला क्षमा कर, आणि तो खिडकीजवळच्या पेटीत आहे." मुलं डोळे मिटूनच फिदीफिदी हसली. सर हसले नाहीत. उपासना झाल्यावर मला बाजूला घेऊन त्यांनी स्वतःचा साबण अर्धा कापून दिला आणि म्हणाले, "साबण पाहिजे तर माझ्याकडे माग रे. देवाशी बोलताना शेजाऱ्याला ऐकवायचं नाही."

ही गोष्ट मी पुढे कित्येकांना हसत हसत सांगितली. आता सांगवत नाही, कारण पुढे जे केलं ते मी याच गोष्टीच्या जोरावर केलं.

सर मुख्याध्यापक झाले तेव्हा मी शाळा सोडून कॉलेजात गेलो होतो. पुढे बऱ्याच वर्षांनी एका शिक्षक-सभेला बसायचा योग आला आणि त्यांची एक सवय कळली. आमच्याकडे सभा प्रार्थनेने संपते. एकदा आमेन झालं की विषय बंद, मग चहा. नंतर कोणी बोललं तर ते बरं दिसत नाही. म्हणून सर शेवटच्या प्रार्थनेआधी उभे राहून विचारायचे, "कोणाचं काही राहिलं का?" आणि थांबायचे. हे थांबणं भलतंच लांबायचं. शिक्षक चुळबुळ करायचे, कोणी घड्याळ बघायचं. एकदा शिपाई दारातून म्हणाला, "सर, चहा राहिला," तर सर म्हणाले, "ते तर रोजचंच." पण त्या थांबण्यात कधीतरी मागच्या बाकावरची एखादी नवी शिक्षिका उभी राहायची आणि सभेत दोन तास कोणाच्या तोंडून न निघालेली गोष्ट बोलून जायची.

सर निवृत्त झाले तरी शाळेजवळच खोली घेऊन राहिले. बाहेरून येणारी मदत तोवर आटली होती. बोर्डिंगच्या छतातून पाणी गळत होतं, मुलांच्या जेवणाची जुळवाजुळव करताना शाळेची दमछाक होत होती. दुसरीकडे आसपासच्या गावांतले लोक मुलांना इंग्रजी शाळेत घालायला दूर पाठवत होते. संस्थेने मला बोलावलं आणि शाळेचा पाच वर्षांचा आराखडा करायला सांगितलं. मला अभिमान वाटला, हे कबूल करतो. ज्या बोर्डिंगमध्ये मी अर्ध्या साबणावर दिवस काढले, त्या शाळेचं भविष्य मी लिहिणार होतो. पहिल्या बैठकीत मी पडद्यावर बर्फाचं शिखर दाखवलं आणि म्हणालो, हे आपलं व्हिजन. सर पुढच्याच बाकावर होते. म्हणाले, "अनिल्या, आपलं तोरणमाळ काय वाईट होतं?" सगळे हसले, मीही हसलो. मग शाळेचं मिशन काय असावं ते मी प्रत्येकाला विचारलं. कोणी म्हणालं शिस्त, कोणी प्रीती, कोणी सेवा. सर म्हणाले, "आपण कोणाला सोडायचं नाही, ते आधी लिही." मी फळ्यावर लिहिलं. नंतर सगळ्यांची उत्तरं एकत्र करताना ते वाक्य काढून टाकलं, कारण मिशनचं वाक्य नकारार्थी नसावं असा आमच्या कामातला नियम आहे. त्याऐवजी लिहिलं, 'ख्रिस्ताच्या प्रीतीने प्रत्येक बालकापर्यंत.' फ्लेक्सवर ते फार छान दिसलं.

आराखड्यात बोर्डिंग बंद होणार होतं. त्या जागी इंग्रजी माध्यमाचे वर्ग, गावोगाव बस. डोंगरातल्या मुलांना दाखले देऊन आश्रमशाळांत पाठवायचं. शेवटच्या सभेला नवे पालकही बोलावले होते. कळसाडीचे एक आजोबा उठून म्हणाले, "बस लावा सर, फी आम्ही भरसूत. मन्हा नातूले इंग्रजी येवाले पाहिजे." टाळ्या पडल्या. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. डोंगरातले पालक मात्र चार-दोनच आले होते. मागे बसून ते सरांकडे बघत होते. संस्थेच्या अध्यक्षांना नंदुरबारला लग्नाला जायचं होतं, ते दोनदा घड्याळाकडे बघून झाले होते. मी आराखड्याचं शेवटचं पान उलटलं आणि तेवढ्यात सरांनी बाक मागे सरकवला. एक हात बाकावर टेकून ते अर्धे उठले होते. त्यांना बोलायचंय हे मला स्वच्छ दिसलं. ते बोलले तर मागचे लोक बोलतील, हेही मला कळत होतं. कित्येक महिन्यांची मेहनत, जुळत आलेली सभा... मी हसून म्हणालो, "वेळ झालाय. सर उठलेच आहेत, तर समारोपाची प्रार्थना त्यांनीच करावी अशी मी विनंती करतो."

सगळ्यांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत. सर प्रार्थनेतून आपलं म्हणणं ऐकवणार नाहीत, याची सभेतल्या इतर कोणाहीपेक्षा मला जास्त खात्री होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वर्गात उत्तर येत असून चुकीचं सांगणाऱ्या मुलाकडे बघायचे तसं. मग बराच वेळ ते काहीच बोलले नाहीत. कोणी खोकलं. बाहेर बस हॉर्न वाजवून निघून गेली. शेवटी ते म्हणाले, "प्रभू, आम्हाला दिसतं ते थोडं आहे. दिसत नाही ते तू सांभाळ. आमेन." सभेने आमेन म्हटलं. आराखडा एकमताने मंजूर झाला असं इतिवृत्तात मी स्वतः लिहिलं.

जूनमध्ये बोर्डिंगला कुलूप लागलं. शाळा आता चांगली चालते, तेही लिहायला हवं. सर मला नेहमीसारखेच भेटत राहिले, माझ्या मुलीच्या परीक्षेची चौकशी करत राहिले, आणि त्यामुळे मला जास्तच चोरट्यासारखं व्हायचं. माझं मात्र डोळे मिटणं अवघड होऊन बसलं. चर्चमध्ये, जेवणाआधी, कुठेही डोळे मिटले की त्या दिवशीची ती शांतता परत यायची, आणि त्या शांततेत सर उभे. आता बोलतील असं वाटायचं, आणि ते बोलायचे नाहीत. या हिवाळ्यात ते चिंचपाड्याच्या दवाखान्यात आहेत असं कळल्यावर मी गेलो. उशाशी बसून, बाई बाहेर गेल्यावर, शेवटी विचारलं, "सर, त्या दिवशी तुम्हाला काय बोलायचं होतं?" त्यांनी माझा हात थोपटला. "आमेन झालं ना रे," म्हणाले, "आता काय?" आणि बिछान्याशेजारचं संत्रं सोलून द्यायला सांगितलं. मी सोललं. माफी तेव्हाच मागायला हवी होती. संत्र्याची फोड त्यांच्या हातात देताना ती ओठांवर आलीही होती. पण त्यांनी क्षमा केली असती, लगेच केली असती, आणि ते मला सोसवलं नसतं.

दफनविधीनंतर काही दिवसांनी बाईंकडे गेलो आणि तोच प्रश्न त्यांना विचारला. माझी समजूत होती की सर आराखडा मोडून काढायला उठले होते. त्या समजुतीचा मला आधारही होता, कारण मग निदान ते आणि मी दोन बाजूंना होतो असं म्हणता आलं असतं. बाई म्हणाल्या, "विरोध? छे. बोर्डिंग चालणार नाही हे त्यांनाही कळत होतं. सकाळी दाढी करताना मला बोलून दाखवलं होतं त्यांनी. फक्त एक वर्ष मागायचं होतं. नववीची मुलं दहावी होईपर्यंत. त्यांना मध्येच हलवू नका, एवढंच." बाई चहा गाळत होत्या. एक वर्ष... ते आम्ही दिलं असतं. अध्यक्षांनी उभ्या उभ्या हो म्हटलं असतं. मी हो म्हटलं असतं.

मागच्या रविवारी शाळेच्या त्याच सभागृहात सरांच्या स्मरणार्थ उपासना झाली. मिशनच्या वाक्याचा फ्लेक्स अजून भिंतीवर आहे, उन्हाने फिका झालेला. उपासनेआधी एक तरुण बाई कडेवर मूल घेऊन, सरांचा जुना विद्यार्थी म्हणून माझ्याशी बोलायला आली. धडगावकडची सविता. त्या वर्षी नववीत होती. दाखला घेऊन घरी गेली, आश्रमशाळेत जागा मिळेपर्यंत थांबली आणि थांबता थांबता तिचं लग्न झालं. तिनेच सांगितलं की सर दरवर्षी तिच्या पाड्यावर जायचे, जीपने आणि पुढे पायी. बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म घेऊन. त्या वर्गातल्या बाकीच्यांकडेही जायचे. "मी म्हणायची, पुढच्या वर्षी सर. एकदा परीक्षेच्याच दिवसांत हा झाला," ती मुलाकडे बघून म्हणाली. मग हसली. "शेवटी सरांनी माझ्या नवऱ्याचा फॉर्म भरला. तो पास झाला. आता घरात मलाच शिकवतो." मी हसायचा प्रयत्न केला. बोर्डिंग बंद करणारा आराखडा माझा, हे तिला ठाऊक नव्हतं. सरांनी तिला कधीच सांगितलं नव्हतं.

उपासना संपत आली. कोणी आठवणी सांगितल्या, गीतं झाली. मग बाई पुढच्या बाकावरून वळल्या आणि म्हणाल्या, "अनिल, समारोपाची प्रार्थना तू कर." त्यांना त्या सभेतलं सगळं माहीत होतं की नव्हतं, मी अजून विचारलेलं नाही. मी उठलो. बाक सरकला, माझाच. सगळ्यांनी डोळे मिटले. प्रार्थनेत बोलणं सोपं होतं. मान खाली, डोळे बंद, सगळं देवाला उद्देशून, आणि ज्यांना ऐकू जायचं त्यांना ऐकूही गेलं असतं. मला अर्धा साबण आठवला. मी म्हणालो, "थांबा. डोळे उघडा." लोक एकमेकांकडे बघायला लागले. मी विचारलं, "कोणाचं काही राहिलं का?" आणि सर थांबायचे तसा थांबलो. ते थांबणं किती लांब असतं, ते उभं राहिल्याशिवाय कळत नाही. कोणी उठलं नाही. सविताचं मूल फ्लेक्सकडे बोट दाखवून काहीतरी विचारत होतं, ती त्याला गप्प करत होती.

"माझं राहिलंय," मी म्हणालो. सविताच्या बाकासमोर जाऊन उभा राहिलो, कारण आता दुसरीकडे तोंड करून बोलण्यात अर्थ नव्हता. "सविता, त्या वर्षी याच जागी सर तुमच्या वर्गासाठी एक वर्ष मागायला उठले होते. त्यांना बोलायचंय हे मला दिसलं होतं. ते बोलू नयेत म्हणून मी त्यांना प्रार्थना करायला लावली. तुझी दहावी माझ्यामुळे गेली. सरांची माफी मागायची मी टाळली, ते गेले. तुझी मागतोय. मला माफ कर."