नवाबासाठी नासकी कोळंबी

डहाणू रोड स्टेशनवर उतरलो तेव्हा आमच्याजवळ दोन पिशव्या, एक कॅमेरा, एक रिकामा स्टीलचा डबा आणि तीन वर्षांचं जुनं भांडण एवढं सामान होतं. भांडण आमच्या ह्यांच्याकडे होतं. ठाण्यापासून त्यांनी ते अगदी जपून आणलं होतं.

या भांडणाचं मूळ सरकारदरबारी आहे. शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर मला फुलपाखरं आणि पतंगांची यादी अद्ययावत ठेवण्याचा नाद लागला. नवी जात दिसली की घालायची, शास्त्रज्ञांनी नाव बदललं की बदलायचं, पुरावा नसेल तर काढायची. २०१४ साली ठाणे जिल्हा तुटून पालघर वेगळा झाला आणि आमच्या हौशी मंडळींनी यादीचीही वाटणी केली. डहाणू-तलासरीचा तुकडा माझ्या वाट्याला आला. त्यात ‘नवाब’ या फुलपाखराची एकच नोंद निघाली आणि ती होती आमच्या ह्यांची.

ह्यांना फुलपाखरांत काडीचाही रस नाही. पूर्वी एकदा तलासरीकडे गेलो असताना हे ‘आलोच’ म्हणून झुडपामागे गेले आणि येऊन सांगू लागले की शेणावर एक फुलपाखरू बसलं होतं, अंगावर फिकट हिरवा पट्टा, मागे दोन बारीक शेपट्या. वर्णन बिनचूक नवाबाचं होतं. पण फोटो नव्हता. फोटो नसेल तर नावापुढे प्रश्नचिन्ह घालायचं हा आमचा नियम, आणि तो केलाही मीच होता. म्हणून मी प्रश्नचिन्ह घातलं. वर आता असं ठरलं की एकाच माणसाच्या शब्दावर उभी असलेली प्रश्नचिन्हवाली नावं या डिसेंबरात यादीतून वगळायची.

प्रश्नचिन्ह घातलं तेव्हापासूनच घरात बोलायची सोय राहिली नव्हती. सकाळी हे स्वयंपाकघरातून ओरडत, “दूध संपलंय. फोटो काढून दाखवू?” जावई दारात उभा असला तरी तेच. लेकीने मला फोनवर बजावलं की आई, एक तर नवाब शोध, नाहीतर ते चिन्ह पूस. चिन्ह पुसणं माझ्या स्वभावात नाही. म्हणून २०१७ च्या दिवाळीनंतर आम्ही नवाब शोधायला निघालो.

नवाब नावाप्रमाणे वागत नाही. फुलांकडे तो ढुंकूनही पाहत नाही. त्याला लागतं सडकं फळ, शेण किंवा नासकी मासळी. माझा बेत सोपा होता. धाकटी डहाणूतून शिळी कोळंबी घ्यायची, घोलवडला सडके चिकू मिळवायचे, दोन्ही कालवून तलासरीच्या रानात झाडाच्या बुंध्याला लावायचं. या मुलखात मासे आणि चिकू यांना तोटा नाही, त्यामुळे नासकेही मुबलक असणार असं मी गृहीत धरलं होतं.

धाकटी डहाणूला खाडीच्या काठी बांबूंवर बोंबील वाळत होते आणि वाऱ्याबरोबर त्यांचा वास थेट रिक्षात येत होता. कोळंबीची पाटी पुढ्यात घेऊन बसलेल्या पारूमावशींपाशी मी थांबले. कपाळभर कुंकू, हातात ओला कोयता. मी विचारलं की मावशी, जरा नासकी असेल का.

मावशींनी आधी माझ्याकडे आणि मग ह्यांच्याकडे असं पाहिलं, जणू ह्यांनीच मला हे शिकवून आणलं होतं. आजूबाजूच्या चार पाट्यांवरचं बोलणं थांबलं.

“माज्या पाटीवर नासकं नाय मिळायचं,” मावशी म्हणाल्या. “आज नाय, उद्या नाय, कदी नाय.”

मी फुलपाखराचं सांगायला गेले तशा त्या जास्तच भडकल्या. शेजारणीकडे तरी असेल का, असं मी विचारलं, ती तर घोडचूकच झाली, कारण आता शेजारीणही उभी राहिली. शेवटी आम्ही मुकाट्याने ताजी, लखलखीत कोळंबी चढ्या भावाने घेतली. रिक्षात बसताना मावशींनी वर बजावलं की आजच करा, ठेवू नका. हे तोंड फिरवून हसत होते.

घोलवडला आमची उतरायची सोय मंजुबेन यांच्या वाडीत (इकडे फळबागेला वाडी म्हणतात) होती. चिकूची गर्द झाडी, खाली पानाचाही कचरा नाही, पडवीत चिकू निवडून खोक्यांत भरायचं काम चाललेलं. मंजुबेन गुजराती, कट्टर शाकाहारी आणि पाहुण्यांवर जीव टाकणाऱ्या. मी सडका चिकू मागताच त्यांचा चेहरा उतरला.

“ताई, सडेला माल मी वैऱ्यालाबी देत नाय,” त्या म्हणाल्या आणि मधासारख्या पिकलेल्या चिकूंची परात आमच्यापुढे ठेवली.

ती परात आम्ही संपवली. दुसरी आली, तीही संपवली. सडवायला म्हणून चार चिकू उशीखाली लपवले, तर खोली झाडायला आलेल्या मंजुबेननी ते काढले आणि पाहुण्यांना मागायला लाज वाटते असं समजून जेवणात चिकूचा हलवा केला. कोळंबीची त्याहून पंचाईत. शाकाहारी घरात ती आणल्याचं सांगायची माझी छाती होईना. ह्यांनी डबा पाण्याच्या पंपाच्या खोलीमागे उन्हात ठेवला आणि येता-जाता चोरासारखे बघून येऊ लागले. मंजुबेननी मला हळूच विचारलं की साहेबांचं पोट ठीक आहे ना, सारखे तिकडे का जातात. मी म्हटलं, हवापालट झालाय.

दोन दिवसांत डब्यात जे तयार झालं त्याचं वर्णन मी करणार नाही. त्यात गूळ आणि नंतर परातीतून खिशात लपवून वाचवलेले दोन चिकू कुस्करून घातले, झाकण दाबून लावलं आणि तलासरीच्या जीपमध्ये बसलो. मंजुबेननी वाटेत खायला मेथीचे ठेपले दिले.

बोर्डी मागे पडलं आणि जीपमध्ये सुकटीची (वाळवलेल्या बारीक जवळ्याची) टोपली घेऊन चढल्या त्या पारूमावशी. तलासरीच्या बाजारात निघाल्या होत्या. मला पाहून त्यांनी मान वळवली. पुढे एक मोठा खड्डा आला, जीप उडाली आणि डब्याचं झाकण किंचित सरकलं.

आधी पुढच्या सीटवरच्या आजोबांनी नाकाला पंचा लावला. मग ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. आणि साऱ्या जीपची नजर पारूमावशींच्या टोपलीवर गेली. कुणीतरी म्हणालं, मावशी, माल बघून भरत जा. मावशींचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी मूठभर सुकट काढून एकेकाच्या नाकापुढे धरली. कुणी मानायला तयार नव्हतं.

हे खिडकीबाहेर बघत बसले होते. मला मात्र बसवेना. त्या बाईंच्या मालाला माझ्यामुळे बट्टा लागत होता. मी डबा मांडीवर घेतला आणि सांगून टाकलं की वास आमचा आहे.

ड्रायव्हरने जीप थांबवली आणि आम्हाला अत्यंत नम्रपणे उतरवलं. आमच्या मागोमाग पारूमावशीही टोपली घेऊन उतरल्या. त्यांना राग वासाचा नव्हता. त्यांनी ताजी म्हणून दिलेली कोळंबी आम्ही मुद्दाम नासवली, हे त्यांच्या काळजाला लागलं होतं. बाजार कुठे पळत नाही, त्या म्हणाल्या, पण हे खायला कोण येतंय ते मी बघून जाणार.

रस्त्याच्या कडेला शिरीषाची झाडं होती, पलीकडे एक पाडा (छोटी वस्ती) आणि कापलेल्या भाताची शेतं. मी काडीने बुंध्याला मिश्रण लावलं. काडी मोडली, मग हातानेच लावलं. माश्या आल्या. मुंग्या आल्या. पाड्यावरची एक कोंबडी आली, तिने चोच मारून पाहिली आणि नाराज होऊन परत गेली. ऊन चढलं. आम्ही तिघे ठेपले खात बसलो. नवाबाची गोष्ट, त्यातलं प्रश्नचिन्ह, सगळं ह्यांनी मावशींना मीठमसाला लावून सांगितलं. सगळं ऐकून मावशी माझ्याकडे वळल्या.

“नवऱ्याला खोटा पाडलास?” त्या म्हणाल्या.

मी म्हटलं की खोटं नाही, फक्त सिद्ध झालेलं नाही. हे बोलताना मलाच ते फार पातळ वाटलं. आता नवाब आलाच पाहिजे, असं मला मनापासून वाटू लागलं. यादीसाठी नव्हे, ह्यांच्यासाठी.

आणि तो आला. शिरीषाच्या शेंड्यावरून झपकन खाली उतरला, बुंध्याभोवती एक फेरी मारली, बुंध्यावर वाढलेल्या ताटाकडे साफ दुर्लक्ष केलं आणि थेट माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्यावर येऊन बसला. माझ्या हातांनी कॅमेऱ्याला तोच वास लागला होता. पंख मिटलेले, हिरवट-पांढरा पट्टा, दोन शेपट्या, आणि सोंड काढून तो कॅमेऱ्याचा पट्टा चोखत होता. मी जागची हलले नाही. कॅमेऱ्याने कॅमेऱ्याचा फोटो कसा काढणार?

“अहो, मोबाइल,” मी कुजबुजले.

ह्यांनी जावयाने दिलेला नवा मोबाइल काढला, समोर धरला, बटण दाबलं. खट्ट झालं आणि नवाब उडाला. आम्ही तिघांनी डोकी जवळ आणून पडदा पाहिला. पडद्यावर हे होते. मोबाइल उलट्या बाजूचा फोटो काढत होता.

मी शेंड्याकडे पाहिलं, नवाब दिसेनासा झाला होता. हे मोबाइल उलटसुलट करून पाहू लागले. मावशी मात्र ठाम होत्या.

“मी बघितला. लिव माजं नाव.”

जाताना त्यांनी आम्हाला मूठभर सुकट फुकट दिली. ताजी आहे हे पुन्हा सांगायला विसरल्या नाहीत.

ठाण्याला आल्यावर मी तो फोटो मोठा करून पाहिला. भुवया वर चढलेल्या, तोंड उघडं, डोळ्यांत लहान मुलाचा आनंद. मग आठवलं, त्या पहिल्या वेळी झुडपामागून धावत आले तेव्हाही अगदी हाच चेहरा होता. त्यावेळी मी पट्ट्याचा रंग विचारला, शेपट्या विचारल्या. चेहऱ्याकडे पाहिलंच नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

नियम मात्र नियम आहे. डिसेंबरच्या सुधारित यादीत नवाब राहिला, कारण आता त्याला पाहणारे तिघे आहेत: हे, मी आणि धाकटी डहाणूच्या पारूमावशी. पुढचं प्रश्नचिन्हही राहिलं. ह्यांना दाखवलं तेव्हा त्यांनी ते नीट तपासलं. आता त्या चिन्हाखाली माझंही नाव आहे हे पाहून ते दिवसभर खुशीत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे स्वयंपाकघरातून म्हणाले, “दूध संपलंय.” पुढे काही म्हणाले नाहीत. मीही फ्रीज उघडून बघितला नाही. पिशवी घेतली आणि खाली उतरले.